काडेपेट्या, चादर आणि कडक भाकरी : शाळेत एआय संशोधनाचा खुला दिवस असा भरवा

एआयवर व्याख्यान ठेवलं की सभागृह भरतं. पाहुणे तासभर बोलतात, शेवटी प्रश्नांना दहा मिनिटं उरतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, एआयमुळे नोकऱ्या जातील का?’ प्रश्न खरा आहे, मुलांच्या काळजीतून आलेला आहे. पण संशोधन कसं चालतं, ते करणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यातून मुलांना कळत नाही. त्यासाठी क्रम उलटा लावावा लागतो. आधी मुलांच्या हातात काहीतरी द्या, यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर चुकू द्या, ती चूक त्यांनाच मोजू द्या, आणि मग संशोधकाला समोर बसवा. चूक मोजलेलं मूल वेगळाच प्रश्न विचारतं.

खाली दिलेली मांडणी सोलापुरातल्या कुठल्याही शाळेला किंवा ज्युनिअर कॉलेजला जमेल अशी आहे : तीन टेबलं, एक सकाळ, चोपन्न मुलं. एक लॅपटॉप आणि एक फोन असला तरी भागतं. पहिल्या टेबलाला तर वीजही लागत नाही.

तारीख, वेळ, माणसं

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. तारीख मानाची असली तरी त्या सुमारास दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू असतात. तुमची शाळा परीक्षा केंद्र असेल तर वर्गही मिळणार नाहीत आणि शिक्षकही. अशा शाळांनी सरळ डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्ड्याची जत्रा भरलेली असते, तेव्हा मुलांचं लक्ष तिकडेच असणार आणि ते योग्यच आहे.

टेबलांची वेळ सकाळी साडेआठ ते बारा. फेब्रुवारी अखेरीस सोलापुरात दुपारी ऊन चढतं, पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात कोणाचं डोकं चालत नाही. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. ७० मिनिटांची एक तुकडी धरली तर तीन तुकड्या बसतात. एका तुकडीत १८ मुलं, सहा-सहांचे तीन गट, प्रत्येक गट एका टेबलावर २० मिनिटं, वर अदलाबदलीला १० मिनिटं. गट सहापेक्षा मोठा करू नका. आठवं मूल फक्त पुढच्याची पाठ बघतं.

प्रत्येक टेबलाला तीन स्वयंसेवक आणि घड्याळ बघणारा एक, असे दहा जण. हे आठवी, नववी आणि अकरावीतून घ्या. एक मूल समजावून सांगणारं, एक हाताने काम करणारं आणि एक फक्त नोंद ठेवणारं. नोंदीचं काम सगळ्यांत दुय्यम वाटतं, पण संशोधनाचा कणा तोच आहे. ते काम सर्वांत जबाबदार मुलीला किंवा मुलाला द्या.

पहिलं टेबल : एकोणीस काडेपेट्या

ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची यांनी १९६१ साली ३०४ काडेपेट्यांपासून फुली-गोळा खेळायला शिकणारं यंत्र बनवलं होतं. ३०४ पेट्या शाळेला झेपणाऱ्या नाहीत. पण १९६२ साली गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्याच कल्पनेवर तीन-तीन प्याद्यांचा एक छोटा खेळ रचला, त्याच्या मांडणीत फक्त २४ पेट्या होत्या, आरशातल्या सारख्या स्थिती एकच धरल्या तर १९ पुरतात. तोच घ्यावा.

खेळ असा. तीन बाय तीनचा पट. पाहुण्याची तीन पांढरी प्यादी अलीकडच्या ओळीत, यंत्राची तीन काळी पलीकडच्या ओळीत. प्यादं समोरच्या रिकाम्या घरात एक घर पुढे जातं, किंवा तिरक्या घरातलं विरुद्ध प्यादं मारतं. जिंकायचे मार्ग तीन : आपलं प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचवणं, समोरच्याची सगळी प्यादी मारणं, किंवा समोरच्याला एकही चाल शिल्लक न ठेवणं. बरोबरी होत नाही. पहिली चाल नेहमी पाहुण्याची.

सामान : रिकाम्या काडेपेट्या २५ (सहा जादा, कारण कडा फाटतात), चार रंगांचे सारख्या आकाराचे मणी प्रत्येकी ३०, पुठ्ठ्याचा पट, सहा बटणं, डिंक, स्केचपेन. मणी मधल्या मारुतीच्या बाजारात सहज मिळतात. मण्यांऐवजी घरातला हरभरा, राजमा, चवळी, वाटाणा वापरायचा मोह होईल. तो टाळा. डोळे मिटून पेटीतून उचलताना बोटांना राजमा आधी लागतो, म्हणजे निवड यादृच्छिक राहत नाही आणि यंत्र राजम्याच्या बाजूने झुकतं. मुलांनी विचारलंच तर हे मुद्दाम करून दाखवा, कारण डेटातला झुकाव म्हणजे काय हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे दिसत नाही.

आता पेट्यांवर चित्रं. यंत्रावर खेळायची पाळी येते अशी पटाची प्रत्येक स्थिती एका पेटीवर काढायची आणि यंत्राला शक्य असलेली प्रत्येक चाल वेगळ्या रंगाच्या बाणाने दाखवायची. आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन स्थिती एकच धरायच्या. मग यंत्राच्या पहिल्या चालीसाठी २ पेट्या होतात, दुसऱ्या चालीसाठी १० आणि तिसऱ्या चालीसाठी ७. या स्थिती इंटरनेटवरून उतरवून देऊ नका. स्वयंसेवकांना आठवडाभर आधी कागदावर स्वतः काढायला लावा. २० आल्या तर कुठलीतरी आरशातली जोडी दोनदा मोजली गेली आहे, १८ आल्या तर एक सुटली आहे. आकडा जुळेपर्यंतची जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात, मुलं तिथेच अर्धं शिकतात.

प्रत्येक पेटीत, तिच्यावरच्या प्रत्येक बाणामागे त्या रंगाचा एक मणी टाका. खेळताना पटाशी जुळणारी पेटी शोधायची, हलवायची, न बघता एक मणी काढायचा, त्या रंगाची चाल करायची. काढलेला मणी पेटीच्या पुढ्यात ठेवायचा आणि पेटी डाव संपेपर्यंत उघडीच ठेवायची. यंत्र जिंकलं तर मणी परत आत. हरलं तर त्याच्या शेवटच्या चालीचा मणी कायमचा बाहेर, बाकीचे परत आत. एखादी पेटी पूर्ण रिकामी झाली तर तिथे पोचल्यावर यंत्राने हार मानायची आणि त्याच्या आधीच्या पेटीतला मणी काढायचा.

एक डाव जवळून बघू. पाहुणीने तिच्या डावीकडचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. या स्थितीच्या पेटीत तीन मणी आहेत : लाल म्हणजे मधल्या प्याद्याने तिचं पुढे आलेलं प्यादं मारणं, हिरवा म्हणजे मधलं प्यादं सरळ पुढे नेणं, पिवळा म्हणजे पलीकडच्या टोकाचं प्यादं पुढे नेणं. हिरवा मणी निघाला. मधलं काळं प्यादं पटाच्या मधोमध आलं. पाहुणी आता उजवीकडचं प्यादं एक घर पुढे घेते. बघा : यंत्राच्या तिन्ही प्याद्यांसमोर पांढरी प्यादी उभी आहेत आणि तिरकं मारायला कुठेच काही नाही. यंत्र अडकलं, हरलं. पहिल्या पेटीतला हिरवा मणी गेला. दुसऱ्या डावात पिवळा निघाला आणि पाहुणीने तिरकं मारून शेवटची ओळ गाठली, तर पिवळाही गेला. दोन हारींनंतर त्या पेटीत फक्त लाल मणी उरतो, म्हणजे तिथे यंत्र पुन्हा कधीच चुकत नाही. ‘शिकलं’ या शब्दाचा अर्थ इथे एवढाच आहे. तो मुलांना बोट ठेवून दाखवता येतो, म्हणून हे टेबल पहिलं.

इथे काय बिघडतं ते आधीच सांगून ठेवतो. सर्वांत जास्त गोंधळ आरशातल्या स्थितींनी होतो. पाहुण्याने उजवीकडचं प्यादं हलवलं की स्वयंसेवकाला पेटी सापडत नाही. उपाय सोपा : पेटीच्या खालच्या बाजूला आरशातलं चित्र काढा आणि बाणांचे रंग तेच ठेवा. दुसरी चूक म्हणजे डाव रंगला की पेट्या बंद केल्या जातात आणि शेवटचा मणी कुठला हे कोणालाच आठवत नाही. नोंद ठेवणाऱ्याचं काम इथेच आहे. तिसरी अडचण जास्त खोल आहे. समोरचा खेळाडू कच्चा असेल तर वाईट चालही जिंकून जाते, तिचा मणी पेटीत राहतो आणि यंत्र काहीच शिकत नाही. म्हणून सुरुवातीचे डाव चांगल्या खेळणाऱ्यांना द्या, आणि का देतोय तेही सांगा.

एका डावाला अडीच मिनिटं धरा, म्हणजे एका गटाचे सात-आठ डाव. भिंतीवर आलेखाचा कागद लावा : यंत्र जिंकलं की रेघ एक घर वर, हरलं की एक घर खाली. पेट्यांचे दोन संच केले तर उत्तम. एक कोरा, आणि एक स्वयंसेवकांनी आधीच्या आठवड्यात ३० डाव खेळून तयार केलेला. शेवटचा डाव शिकलेल्या संचाशी खेळायला द्या. संच पूर्ण शिकलेला असेल तर यंत्राला हरवताच येत नाही, कारण या खेळात दुसरा खेळणारा बिनचूक खेळला तर तोच जिंकतो.

मुलांनी ‘हे खरं एआय आहे का?’ असं विचारलं तर हो म्हणा. चालीचा परिणाम बघून पुढची निवड बदलणं याच विचाराचा विस्तार करणाऱ्या अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना संगणकशास्त्रातला मानाचा २०२४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आहे.

दुसरं टेबल : चादर की टॉवेल

इथे लॅपटॉप, कॅमेरा आणि गूगलचं टीचेबल मशीन लागतं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, खातं लागत नाही. प्रतिमांचा प्रकल्प उघडायचा आणि तीन वर्ग करायचे : चादर, टॉवेल, काहीच नाही. सोलापुरात दोन्ही वस्तू घरोघरी आहेत, स्वयंसेवकांना तीन चादरी आणि तीन टॉवेल आणायला सांगा. त्यातली एक चादर आणि एक टॉवेल चाचणीसाठी बाजूला ठेवा, प्रशिक्षणात अजिबात वापरू नका. ज्यावर शिकवलं त्यावरच परीक्षा घेतली तर गुण मिळणारच. हा नियम एवढा महत्त्वाचा आहे की तो टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून लावावा.

प्रत्येक वर्गाला ६० फोटो पुरतात, पण ते ६० वेगळे हवेत. बटण दाबून धरलं की कॅमेरा धडाधड फोटो काढतो आणि मुलं खुश होतात, मात्र हात हलला नसेल तर ते साठ फोटो म्हणजे एकच फोटो. कापड फिरवा, दुमडा, उलटं करा, जागा बदला.

आता यातली गंमत. सगळ्या चादरी काळपट लाल आणि सगळे टॉवेल पांढरे असतील, तर यंत्र विणकाम शिकत नाही, रंग शिकतं. त्याला येणारं चित्र २२४ बाय २२४ ठिपक्यांचं असतं. दोन हातांवरून टॉवेलचे धागे, टेरीचे ते बारीक फासे, त्या चित्रात उरतच नाहीत. लाल टॉवेल समोर धरा आणि काय होतं ते मुलांना बघू द्या. मग कापड कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून पुन्हा प्रशिक्षण द्या आणि फरक पडतो का ते नोंदवा. तसंच पार्श्वभूमीचं. चादरींचे सगळे फोटो फरशीवर आणि टॉवेलचे बाकावर काढले असतील, तर यंत्राने फरशी पाठ केलेली असू शकते. टॉवेल फरशीवर ठेवला की कळतं.

शेवटी कॅमेऱ्यासमोर भाकरी धरा. यंत्राला फक्त तीनच उत्तरं माहीत आहेत आणि तिन्हींची बेरीज नेहमी १०० टक्केच होते, म्हणून ते भाकरीलाही ठामपणे चादर म्हणू शकतं. पडद्यावरची टक्केवारी म्हणजे यंत्राला खात्री आहे असं नसतं, हे मुलांच्या मनावर ठसायला याहून चांगला प्रयोग नाही.

कार्यक्रमाच्या वेळी नेट जाण्याची शक्यता धरून चाला. सकाळीच पान उघडून, मॉडेल (म्हणजे हे शिकलेलं यंत्र) प्रशिक्षित करून ठेवा आणि तो टॅब बंद करू नका, कारण प्रशिक्षण ब्राउझरमध्येच होतं. पन्नास फोन एका खोलीत आले की हॉटस्पॉट मंदावतो. फोटो कापडांचे आणि हातांचे काढा, चेहऱ्यांचे नाही.

तिसरं टेबल : बोललेलं लिहिणारं यंत्र

सोलापूरकरांकडे स्वतःचं असं काही सांगण्यासारखं असेल तर ते या टेबलावर आहे. एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारी पूर्व भागातली मुलं, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलं शेजारी बसतात. सगळी मराठी बोलतात, प्रत्येकाचा हेल वेगळा. मराठी आवाज ओळखणाऱ्या यंत्रांना अशा बोलण्याची किती सवय आहे, हा संशोधनाचा जिवंत प्रश्न आहे आणि तो मोजायला फोन पुरतो.

फोनच्या जीबोर्ड कळफलकात मराठी निवडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला. आधी दोन याद्या तयार करा. पहिलीत छापील मराठीची दहा वाक्यं, दुसरीत सोलापुरी बोलण्यातली दहा. ‘काय करलालाय बे’ हे त्या यादीत हवंच. प्रत्येक यादीचे शब्द बरोबर १०० होतील असं बघा, म्हणजे चुका मोजल्या की थेट टक्केवारी मिळते.

चूक मोजण्याची पद्धत संशोधक वापरतात तीच वापरा. चुकीचा लिहिलेला प्रत्येक शब्द एक चूक, गाळलेला एक चूक, नसलेला घातलेला एक चूक. तिन्हींची बेरीज करून मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. समजा मुलगी म्हणाली : ‘मला दोन शेंगा चटणीच्या पुड्या आणि एक कडक भाकरी पाहिजे.’ दहा शब्द. फोनने लिहिलं : ‘मला दोन शेंगा चटणी पुड्या एक कडक बाकरी पाहिजे.’ ‘चटणीच्या’चं ‘चटणी’ झालं, ‘भाकरी’ची ‘बाकरी’ झाली, ‘आणि’ गळला. तीन चुका भागिले दहा, ३० टक्के. वाक्य मात्र दुकानदाराला व्यवस्थित कळेल. मग ३० हा आकडा नेमकं काय मोजतो? मुलांना इथे थांबवा आणि बोलू द्या. दुसऱ्या मापाचा विचारही त्यांच्याकडूनच येऊ शकतो : शब्दांऐवजी अक्षरं मोजली तर? तेही माप संशोधनात वापरतात, आणि मराठीसारख्या प्रत्यय चिकटणाऱ्या भाषेत अनेकदा तेच जास्त न्याय्य ठरतं.

फोनने ‘शेंगाचटणी’ असं जोडून लिहिलं तर काय करायचं? नियमाने मोजलं तर दोन चुका होतात : एक शब्द बदलला, एक गळला. पण तसं लिहिणं चूक नाही. तीच गोष्ट विरामचिन्हांची आणि ‘१०’ की ‘दहा’ याची. म्हणून मोजण्याआधीच ठरवून लिहून ठेवा की काय चूक धरायचं आणि काय नाही. मधूनच नियम बदलला तर सगळी नोंद वाया जाते, आणि हे अगदी खऱ्या प्रयोगशाळांतही होतं.

आठवडाभर आधी स्वयंसेवकांपैकी चार बोलणाऱ्यांकडून दोन्ही याद्या म्हणवून घ्या : एकूण ८०० शब्द. फोन तोच, खोली तीच, माइक तोंडापासून तेवढ्याच अंतरावर. पंखा बंद ठेवा, पंख्याचा आवाज चुका वाढवतो आणि मग दोष बोलणाऱ्यावर जातो. दोन बोलणाऱ्यांमध्ये दोन-तीन शब्दांचा फरक निघाला तर त्यातून काही सिद्ध होत नाही, तेवढा फरक त्याच मुलाने पुन्हा म्हटलं तरी पडतो. तो पडतो का, हे बघण्यासाठी एकाकडून तीच यादी दोनदा म्हणवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्या मुलांनी प्रत्येकी दोन वाक्यं बोलायची आणि आपली टक्केवारी स्वतः काढायची.

एक गोष्ट टेबलावरच्या मुलांना अगदी स्पष्ट सांगून ठेवा. ज्याच्या बोलण्यावर यंत्र जास्त चुकलं, त्याची मराठी कमी दर्जाची नाही. चूक यंत्राची आहे, कारण त्याला शिकवताना तसे आवाज पुरेसे ऐकवलेले नसावेत. हसू आलं तर तिथेच थांबवा. तेलुगू घरातल्या मुलीने एकदा मान खाली घातली की ती पुन्हा माइकसमोर येत नाही, आणि नेमका तिचाच आवाज हवा असतो.

आवाजाचं रेकॉर्डिंग जपून ठेवणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. फक्त लिहून आलेला मजकूर वहीत उतरवला आणि नावाऐवजी ‘बोलणारा १, २, ३’ लिहिलं तर काम सोपं होतं.

संशोधकाला बोलावताना

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात किंवा गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयावर काम करणारे प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी असतात. पहिली विचारणा तिथे करा. पीएचडीचा विद्यार्थी मिळाला तर प्राधान्याने तोच बोलवा. तो रोज चुकणाऱ्या प्रयोगांशी झटत असतो आणि मुलांना वयानेही जवळचा वाटतो. मराठीपुरतं बोलायचं तर पुण्यातला एलथ्रीक्यूब गट मराठी मजकुराचे संच आणि मॉडेलं खुली करतो, आयआयटी मद्रासमधला एआयफॉरभारत गट भारतीय भाषांच्या आवाजावर आणि भाषांतरावर काम करतो. त्यांचे शोधनिबंध आणि संच इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. त्यांना दूरदृश्य पद्धतीने वीस मिनिटं मागणं, प्रवासाची दगदग मागण्यापेक्षा बरं.

सहा आठवडे आधी लिहा. पत्र दीडशे शब्दांच्या आत. ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाचा लाभ’ वगैरे वाक्यांनी सुरुवात केली तर खरा मुद्दा खाली जातो. असं लिहा :

‘आमच्या नववीच्या मुलांनी फोनवरच्या मराठी आवाज-लेखनाच्या चुका मोजल्या. चार बोलणारे, ८०० शब्द. छापील मराठीच्या यादीत चुका इतक्या टक्के, सोलापुरी बोलण्याच्या यादीत इतक्या टक्के. तक्ता सोबत आहे. आमचा प्रश्न असा : हा फरक उच्चारामुळे पडतो की शब्दच यंत्राला माहीत नसल्यामुळे, हे वेगळं कसं काढायचं? अमुक तारखेला दुपारी १२ वाजता तासभर मुलांशी बोलाल का?’

आकडे स्वतःचे घाला. असं पत्र आलं की संशोधकाला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण त्यात काम दिसतं.

पाहुणे आले की थेट व्यासपीठावर नेऊ नका. हार-श्रीफळ दोन मिनिटांत उरका आणि त्यांना आधी काडेपेट्यांच्या टेबलावर बसवून मुलांशी एक डाव खेळायला लावा. मग वीस मिनिटं बोलणं, चाळीस मिनिटं प्रश्न. प्रश्न आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या आणि त्यातले आठ निवडा. ‘एआय माणसाची जागा घेईल का’ हा प्रश्न कोणी दिला तर खोडू नका, मुलाबरोबर बसून बारीक करा : ‘तुमच्या कामातला कुठला भाग आता यंत्र करतं आणि तो तुम्ही तपासता कसा?’ बाकी चांगले प्रश्न साधारण असे असतात. तुमच्या मॉडेलला डेटा कुठून आला आणि तो कोणी तपासला? ते कोणावर सर्वांत जास्त चुकतं? तुमचं मॉडेल चांगलं आहे हे कशाच्या तुलनेत म्हणता? गेल्या वर्षी कुठला प्रयोग फसला?

स्वयंसेवकांनी पाहुण्यांचा एक निबंध आधी चाळलेला असावा. आरकाइव्ह नावाच्या संकेतस्थळावर बरेच निबंध फुकट असतात. पूर्ण वाचायची गरज नाही. सारांश, पहिलं चित्र, निकालाचा मोठा तक्ता आणि शेवटी असला तर मर्यादांचा भाग, एवढं तासाभरात होतं. इंग्रजी अडलं तर इंग्रजीचे सर मदतीला घ्या. तक्त्यातला एक आकडा निवडून ‘हा कसा काढला?’ एवढं विचारलं तरी पाहुणे खुलतात.

बाहेरगावी जायचं असेल तर

रेल्वेच्या बाबतीत सोलापूर मोक्याच्या जागी आहे. पुणे, हैदराबाद, बंगळूरु तिन्हीकडे थेट गाड्या आहेत. पुण्यातली आयुका आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी खुल्या होतात. ती खगोलाची केंद्रं असली तरी दुर्बिणीच्या प्रचंड डेटातून स्पंदक तारे वेचायला आता यंत्रशिक्षण वापरलं जातं, तो प्रश्न तिथे जरूर विचारा. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचा खुला दिवस आणि ट्रिपल आयटी हैदराबादचं संशोधन प्रदर्शन हेही मुलांना दाखवण्यासारखं. तारखा दरवर्षी बदलतात, तिकीट काढण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करा. सगळं बघायचं ठरवू नका. दोन फलक निवडा, प्रत्येकाशी वीस मिनिटं उभे राहा, आणि आपला चुकांचा तक्ता खिशात असू द्या. गावातल्या गावात जायचं तर पुणे रस्त्यावर विद्यापीठाजवळ सोलापूर विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारून हीच टेबलं एखाद्या रविवारी मांडता येतील का बघा.

दुसऱ्या दिवशी

पेट्यांतले मणी तसेच ठेवा आणि कोणत्या पेटीत कोणते रंग उरले ते वहीत उतरवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागेपासून सुरू करता येईल. आलेखाच्या कागदावर तारीख घालून तो वर्गात लावा. टॉवेल-चादरीचं मॉडेल फाइल म्हणून उतरवून घ्या. आवाजाचा तक्ता स्वच्छ लिहून पाहुण्यांना आठवडाभरात पाठवा, सोबत मुलांनी विचारलेला पण वेळेअभावी राहिलेला एक प्रश्न. बोलणाऱ्या मुलांपैकी कोणाला पुढे जायचं असेल, तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी आहे. तिथे दिलेली वाक्यं आपल्या आवाजात वाचून देता येतात आणि इतरांची ऐकून तपासताही येतात. वय १९ च्या खाली असेल तर पालकांना शेजारी बसवून आणि त्यांच्या परवानगीनेच. पूर्व भागातल्या चार मुलींनी मिळून आठवड्याला दहा-दहा वाक्यं दिली, तर वर्षभरात तिथे सोलापूरच्या आवाजातली दोन हजार वाक्यं जमा होतात.